अंतर किती, वेळ किती?

येरमाळा हे धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्याचे एक मोठे गाव. बालाघाटच्या डोंगराळ भागात ते वसले आहे. येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेमुळे त्याचे नाव दूरवर माहीत आहे. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो. शिवाय एक रस्ता बार्शीकडे आणि एक कळंबकडे फुटतो. त्यामुळे येरमाळ्याच्या एसटी स्टँडवर थोडा वेळ उभे राहिले, तरी एक प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो, "इथून किती लांब आहे हो?"

उत्तरे ऐका. "बार्शी? आलीच की! तासाभरात पोचाल." "सोलापूर? जेवणवेळेपर्यंत जाल." प्रश्न अंतराचा असतो आणि उत्तर वेळेचे मिळते. तरीही विचारणाऱ्याचे समाधान होते. त्याला किलोमीटर मोजायचे नसतात. आपण कधी पोचू, एवढेच त्याला हवे असते.

आपल्या भाषेलाही ही सवय आहे. अगदी जवळच्या घराला आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो. तेथे फूटपट्टी नाही, माणसाचा आवाज हेच माप आहे. पूर्वी सैन्य किंवा व्यापाऱ्यांचे तांडे 'मजल दरमजल' करीत जात. एका दिवसात चालून होईल तेवढी एक मजल. तुमच्या उर्दूतील 'मंझिल' तीच ही 'मजल'. 'नकाशा', 'मुक्काम', 'हवा', 'मुसाफिर' हे शब्दही असेच दोन्ही भाषांत नांदत आहेत. प्रवासाच्या बाबतीत मराठी आणि उर्दू यांची शिदोरी बरीचशी एकच आहे.

आता एक प्रश्न घेऊ. येरमाळ्याहून मुंबई किती दूर आहे?

वर्गात हा प्रश्न विचारला, तर तीन-चार उत्तरे येतात आणि मुले आपापसांत वाद घालू लागतात. कोणी म्हणते सव्वातीनशे किलोमीटर. कोणी म्हणते चारशे. मागच्या बाकावरचा एखादा म्हणतो, "एक रात्र." गंमत अशी, की तिघेही बरोबर आहेत.

पहिल्या मुलाने काय केले ते पाहू. त्याने नकाशा घेतला. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण दिलेले होते : १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. त्याने येरमाळा आणि मुंबई या दोन ठिकाणांवर पट्टी ठेवली. मधले अंतर सुमारे सव्वातीन सेंटिमीटर भरले. म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. हे झाले सरळ रेषेतील अंतर. यालाच हवाई अंतर म्हणतात.

दुसऱ्या मुलाचे वडील ट्रकचालक आहेत असे समजा. त्यांची गाडी काही पट्टीवरून धावत नाही. ती बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करीत पुण्याला जाते. पुढे खंडाळ्याचा घाट उतरून मुंबई गाठते. वाटेत वळणे आहेत, पूल आहेत, गावांना घातलेले वळसे आहेत. हे सगळे मिळून चारशेच्या आसपास किलोमीटर होतात. एसटीचे भाडे याच अंतरावर ठरते. एसटीने रस्त्याचे ६ किलोमीटरचे टप्पे केलेले आहेत. जितके टप्पे, तितके भाडे. हवाई अंतर कमी आहे म्हणून वाहक आपल्याला तिकिटात सूट देत नाही!

तिसऱ्याचे 'एक रात्र' हे उत्तर सर्वांत व्यवहारी आहे. संध्याकाळी बसलो, की सकाळी मुंबईत. एवढी माहिती प्रवाशाला पुरते.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवू. दोन गावांमधले अंतर विचारताना 'कोणत्या वाटेने' हेही विचारले पाहिजे.

विमानाला ना घाट, ना पूल. मग त्याची वाट तरी सरळ रेषेची असेल ना? येथे आणखी एक अडचण आहे. पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट आहे. जवळच्या गावांसाठी पट्टी चालते, कारण एवढ्याशा भागात पृथ्वीचा गोलवा जाणवत नाही. दूरच्या शहरांसाठी मात्र पट्टी फसवते. तेथे पृथ्वीगोल आणि दोरा लागतो.

शाळेतील पृथ्वीगोल टेबलावर ठेवा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे अमेरिकेतील न्यूयॉर्कवर धरा. दोरा ताणून घट्ट करा. आता तो कोठून जातो ते पाहा. भिंतीवरच्या नकाशात वाटते, की मुंबईहून सरळ पश्चिमेला अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक महासागर असे जावे. पण दोरा तिकडे जातच नाही! तो उत्तरेकडे चढतो. अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया ओलांडतो, नॉर्वेवरून जातो आणि मग अटलांटिकवर उतरतो. हीच सर्वांत जवळची वाट आहे. ती सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते. गोलावरच्या अशा वाटेला बृहत् वर्तुळाचा मार्ग म्हणतात. नाव अवघड आहे. दोरा सोपा आहे.

विमाने शक्यतो याच मार्गाच्या जवळून जातात. 'शक्यतो' म्हणण्याचे कारण असे, की आकाशालाही सीमा असतात. प्रत्येक देशाच्या वरचे आकाश त्या देशाचे असते. एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना दक्षिणेकडे उतरून अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. शहरे जागच्या जागीच होती, पण त्यांच्यामधला प्रवास लांबला.

आता आपल्या ओळखीचा प्रवास घेऊ. मराठवाड्यातील कितीतरी घरांतील माणसे आखाती देशांत कामाला आहेत. कोणी गवंडी आहे, कोणी वाहनचालक, कोणी दुकानात, कोणी रुग्णालयात. तुमच्या वर्गातही अशा घरातली मुले असतील. त्यांच्यासाठी मुंबई ते दुबई हा प्रवास परीकथेतला नाही, घरातला आहे. म्हणून त्याचेच गणित करू.

शाळेतील पृथ्वीगोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर येतो. खऱ्या पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ४२५ किलोमीटर. मुंबई आणि दुबई यांच्यामधला दोरा साडेचार सेंटिमीटरांहून किंचित जास्त भरतो. गुणाकार केला, की उत्तर १,९२५ किलोमीटरच्या आसपास येते. दोऱ्याने एवढे बरोबर उत्तर मिळते, याचे मला दरवर्षी नवल वाटते.

मोठे जेट विमान हवेतून ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने उडते. १,९२५ ला ८५० ने भागले, तर सव्वादोन तास येतात. पण विमान कंपनीच्या वेळापत्रकात जाताना सुमारे तीन तास आणि येताना सुमारे अडीच तास दाखवलेले असतात. ही तफावत का? आणि एकाच अंतराला जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का?

याचे उत्तर वाऱ्यात आहे. विमाने जमिनीपासून दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जातात. हिवाळ्यात आपल्याकडे त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. दुबई आपल्या पश्चिमेला आहे. म्हणून जाताना वारा समोरून येतो आणि परतताना पाठीमागून ढकलतो. सायकलवर शाळेत येणाऱ्या मुलांना हे समजावून सांगायला नको. वारा ताशी १०० किलोमीटरचा आहे असे धरा. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ८५० वजा १००, म्हणजे ७५० उरतो. येताना तो ८५० अधिक १००, म्हणजे ९५० होतो.

१,९२५ भागिले ७५० : सुमारे २ तास ३४ मिनिटे.
१,९२५ भागिले ९५० : सुमारे २ तास २ मिनिटे.

यात आणखी अर्धा तास मिळवा. विमान धावपट्टीपर्यंत हळूहळू जाते, वर चढताना व खाली उतरताना त्याचा वेग कमी असतो, कधी उतरण्यासाठी आकाशात रांगही लागते. आता पाहा : जाताना तीन तास, येताना अडीच तास. वेळापत्रकाशी आपले गणित जुळले. पावसाळ्यात हे पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकतात. तेव्हा जाण्या-येण्यातला फरक कमी होतो.

विमानांचा वेग पूर्वीपासून असा नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची पिशवी घेऊन एका लहानशा विमानातून निघाले. विमानाचे नाव होते पस मॉथ. त्याचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे आजच्या रुळांवरील वेगवान रेल्वेगाडीएवढा. विमानात ते एकटेच होते. सकाळी निघून ते अहमदाबादला उतरले. तेथे इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले होते! इंधन भरून ते पुन्हा निघाले आणि दुपारी मुंबईच्या जुहू विमानतळावर पोचले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतीय विमानसेवेची सुरुवात या टपालाच्या पिशवीने झाली. बैलगाडी आणि विमान एकाच कामावर असल्याचे ते चित्र मला फार आवडते.

वेग झाला, वारा झाला. आता घड्याळाकडे वळू. येथे भलेभले चुकतात.

सकाळी १० वाजता मुंबईहून विमान निघाले आणि तीन तासांनी दुबईला उतरले. तेथील घड्याळात किती वाजले असतील? 'एक' असे उत्तर तुमच्या ओठांवर आले असेल. पण विमानतळावरच्या घड्याळात साडेअकरा वाजलेले असतात. दीड तास कोठे गेला?

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरवली आहे. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. दुबईची वेळ ६० अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे. दोहोंतील फरक २२.५ अंश. त्याला ४ ने गुणले, की ९० मिनिटे. सूर्य पूर्वेला आधी उगवतो. म्हणून आपले घड्याळ पुढे आणि दुबईचे दीड तास मागे.

परतताना उलटे होते. दुपारी ३ वाजता दुबईहून निघालेले विमान अडीच तास उडून मुंबईला संध्याकाळी ७ वाजता उतरते. तिकिटावरच्या वेळा पाहून भोळा माणूस म्हणेल, की जायला दीड तास लागला आणि यायला चार! विमानाच्या तिकिटावर सुटण्याची वेळ त्या गावची आणि पोचण्याची वेळ या गावची असते. तिकीट हातात आले, की आधी हे पाहावे.

याहून मजेदार उदाहरण आफ्रिकेत आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दोन मोठी शहरे आहेत. नायजेरिया देशातील लागोस आणि घाना देशाची राजधानी आक्रा. दोघांमधील हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. विमानाला साधारण एक तास लागतो. नायजेरियाची वेळ १५ अंश पूर्व रेखावृत्ताची आणि घानाची शून्य अंशाची. म्हणजे घानाचे घड्याळ बरोबर एक तास मागे. आता सांगा : लागोसहून सकाळी १० वाजता निघालेले विमान आक्र्याला किती वाजता उतरेल? दहाच वाजता! घड्याळाच्या हिशेबाने प्रवासाला वेळच लागला नाही.

पण हाच प्रवास मोटारीने करणाऱ्याला विचारा. रस्त्याचे अंतर साडेचारशे किलोमीटरहून थोडे अधिक, म्हणजे येरमाळा ते मुंबई यापेक्षा फार जास्त नाही. तरी वाटेत बेनिन आणि टोगो हे दोन देश लागतात. नायजेरियातून बेनिनमध्ये शिरताना सेमे येथे सीमा, बेनिनमधून टोगोत जाताना दुसरी सीमा आणि टोगोतून घानात जाताना आफ्लाओ येथे तिसरी. प्रत्येक ठिकाणी कागद दाखवा, सामान तपासू द्या, रांगेत उभे राहा. गाडीचा वेग कितीही असो, सीमेवर चाक थांबतेच. सगळा दिवस त्यात जातो. आपण येरमाळ्याहून मुंबईला जाताना एकही सीमा ओलांडत नाही, ही गोष्ट आपल्या कधी ध्यानातही येत नाही.

दोऱ्याने मोजलेले अंतर, रस्त्याचे अंतर, वारा, घड्याळ, रांगा. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या, की खरा हिशेब होतो. तो कधी तरी घरी करावा लागतो. असा एक प्रसंग कल्पनेने समोर आणू.

समजा, आपल्या गावातील एका घरातील आजोबा रात्री ९ वाजता वारले. त्यांचा मोठा नातू दुबईत कामाला आहे. आजोबांनी त्याला लहानपणापासून वाढवले. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मी निघतो. माझ्याशिवाय दफन करू नका." घरात चाचा सर्वांत वडीलधारे. ते म्हणाले, "दुबईहून विमानाला तीन तास लागतात. तो पहाटे मुंबईत उतरेल. मग जोहरच्या नमाजपर्यंत सहज येईल. जनाजा जोहरनंतर ठेवू." सर्वांना ते पटले. मशिदीत तसे सांगण्यासाठी एक जण उठलाही.

घरात नववीत शिकणारी एक मुलगी आहे. ती म्हणाली, "चाचा, थोडं थांबा. मी हिशेब करून बघते."

तिने वहीचे पान घेतले. भाईजानचे विमान दुबईच्या घड्याळाने रात्री १ वाजता सुटणार होते. तिने आधी ती वेळ आपल्या घड्याळात बदलली : अडीच. विमानाचा वेळ २ तास ४० मिनिटे. म्हणजे मुंबईत ५ वाजून १० मिनिटांनी. तेथे पारपत्राची तपासणी, सामान, बाहेर येणे, गाडी शोधणे. याला तिने एक तास पाच मिनिटे धरली. सव्वासहा. पुढे चारशे किलोमीटर रस्ता. भाड्याची मोटार घेतली, तरी घाट, गावे, टोलनाके धरून ताशी ५० किलोमीटरपेक्षा जास्त सरासरी तिला भरवशाची वाटली नाही. चारशे भागिले पन्नास, आठ तास. चालकाच्या चहापाण्याला आणि विश्रांतीला एक तास. पुण्याजवळच्या गर्दीला एक तास. सव्वासहा अधिक दहा तास.

"सव्वाचार होतात," ती म्हणाली. "तेही सगळं सुरळीत झालं तर."

चाचांनी वही हातात घेतली. त्यांनी पुन्हा एकदा बोटांवर मोजले. "एकोणीसशे किलोमीटरला पावणेतीन तास," ते हळूच म्हणाले, "आणि चारशेला दहा?"

"हो चाचा. विमान मुंबईपर्यंतच येतं."

कोणीतरी म्हणाले, "मग असरनंतर ठेवू." मुलीने मान हलवली. असरची जमात पाचच्या सुमारास होते. घाटात एखादी मालगाडी बंद पडली, तर हातात पाऊण तासच राहतो. भाईजान वाटेत असताना येथे माती दिली गेली, तर तो ते आयुष्यभर विसरणार नाही. दुसऱ्या बाजूला, उगाच दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणेही योग्य नव्हते. दफन लवकर करावे, हे घरातील प्रत्येकाला माहीत होते. तिने पानावर दोन ओळी मारल्या : लवकरात लवकर सव्वाचार, फार उशीर झाला तर सहा. मग म्हणाली, "मगरिबनंतर ठेवा. तोपर्यंत तो येतोच."

चाचांनी लगेच लांबच्या नातेवाइकांना फोन केले. बीडच्या, बार्शीच्या, लातूरच्या पाहुण्यांना मगरिबची वेळ कळवली. त्यांनाही आपापला हिशेब करून निघायचे होते. मग नातवाला फोन लावला. तो विमानतळावर रांगेत उभा होता. त्याच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते आणि येरमाळ्यात सव्वाबारा.

"बेटा, सावकाश ये," चाचा म्हणाले. "चालकाला घाई करायला लावू नकोस. आम्ही थांबलोय."

शब्दार्थ

अंतर – फासला. वळसा – चक्कर, लांबची वाट. टप्पा – प्रवासाचा ठरावीक भाग. परीघ – वर्तुळाची कड, मुहीत. तफावत – फरक. रेखावृत्त – उत्तर व दक्षिण ध्रुवांना जोडणारी काल्पनिक रेषा. प्रमाणवेळ – संपूर्ण देशासाठी ठरवलेली वेळ. पारपत्र – परदेश प्रवासाचे सरकारी ओळखपुस्तक, पासपोर्ट. शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. येथे अर्थ 'जवळची पुंजी'. सरासरी – औसत. सुरळीत – अडथळा न येता.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) येरमाळा ते मुंबई हे हवाई अंतर रस्त्याच्या अंतरापेक्षा कमी का आहे?
(आ) टाटांच्या विमानासाठी अहमदाबादला इंधन कशातून आणले होते?
(इ) लागोसहून आक्र्याला मोटारीने जाताना कोणते दोन देश वाटेत लागतात?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हिवाळ्यात मुंबईहून दुबईला जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का लागतो?
(आ) 'असरनंतर ठेवू' हे मुलीला का पटले नाही? तुम्ही तिच्या जागी असता, तर कोणती वेळ सुचवली असती?

प्र. ३. मुंबई ते जेद्दा हे हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर आहे. जाताना विमानाचा वेग ताशी ७५० आणि येताना ९५० किलोमीटर धरा. दोन्ही वेळा अर्धा तास मिळवून प्रवासाचा वेळ काढा. जेद्द्याची वेळ ४५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे. मुंबईहून सकाळी ९ वाजता निघालेले विमान तेथील घड्याळाने किती वाजता उतरेल?

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यात उपयोग करा : हाकेच्या अंतरावर असणे, मजल दरमजल करणे, वळसा घालणे.

प्र. ५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या व्यक्तीने केलेल्या सर्वांत लांबच्या प्रवासाची माहिती विचारून घ्या. घरातून निघाल्यापासून मुक्कामाला पोचेपर्यंत प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते वहीत लिहा. त्यातील चालत्या वाहनातील वेळ वेगळा काढा आणि वाट पाहण्यातला वेळ वेगळा.